आवाजाच्या घरातली हवा

रेडिओवर एखादी बाई भजन म्हणू लागली, की दोन ओळींच्या मध्ये तिने घेतलेला श्वाससुद्धा आपल्याला ऐकू येतो. याचा अर्थ, तिच्या आसपास दुसरे काहीच वाजत नव्हते. पंखा नव्हता, उघडी खिडकी नव्हती. मग अशा बंद खोलीत ती तासभर बसली तरी कशी? बोरी अरबच्या माणसाला वैशाखात हा प्रश्न सुचायलाच हवा. पारा 43-44 अंशांवर असताना दारे लावून, पंखा बंद करून दहा मिनिटे बसून पाहा. ध्वनिगृह बांधणाऱ्यांची सगळी अडचण तुम्हांला पुस्तकाशिवाय कळेल.

अडचण थोडक्यात अशी, की जिथून हवा शिरते तिथून आवाजही शिरतो.

मुंबईत 1931 साली ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट तयार झाला. स्टुडिओला आवाज अडवणाऱ्या भिंती नव्हत्या आणि जवळूनच आगगाड्या जात. तेव्हा मंडळींनी सोपा मार्ग काढला: गाड्या थांबल्या, की मध्यरात्रीनंतर काम करायचे. तिकडे लंडनमध्ये बी.बी.सी.च्या सॅव्हॉय हिल येथील पहिल्या ध्वनिगृहांत भिंतींवर जाडजूड पडदे सोडलेले असत. पडद्यांनी खोलीतला घुमारा मारला खरा, पण त्यामुळे हवा काही खेळती राहत नव्हती. पुढे 1932 साली बी.बी.सी.ने ब्रॉडकास्टिंग हाउस ही नवी इमारत बांधली, ती मोठ्या युक्तीने. मधोमध जाड विटांचा एक बिनखिडक्यांचा बुरूज, त्यात ध्वनिगृहे, आणि भोवती कचेऱ्यांचे कडे. रस्त्याचा गोंगाट कारकुनांनी सोसायचा, गवयाने नव्हे! (कारकुनांना कोणी विचारले होते की काय, कोण जाणे.) मात्र खिडकी नाही म्हटल्यावर प्रत्येक घोट हवा यंत्राने, नळातून आत पोचवणे भाग पडले. आणि एवढे करूनही इमारतीखालच्या भुयारी रेल्वेची घरघर तिथे अधूनमधून ऐकू येतच असे.

आता हवेचा नळ म्हणजे काय? तो एक लांबलचक कर्णाच. एका टोकाला पंखा गुरगुरतो, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन कान देऊन बसलेला असतो. इतकेच नव्हे, दोन ध्वनिगृहांना एकच नळ जोडला, तर एकीकडचा तबला दुसरीकडच्या बातम्यांत वाजायचा. म्हणून पंखा दूर, वेगळ्या खोलीत, स्प्रिंगांवर बसवतात. पंखा आणि नळ यांच्यामध्ये कॅनव्हासचा तुकडा घालतात, म्हणजे थरथर पत्र्यातून पुढे सरकत नाही. नळाला आतून लोकरीसारखे मऊ अस्तर लावतात आणि त्याला मुद्दाम वळणे देतात. हवा वळते, आवाज अस्तरावर आपटून आपटून थकतो.

तरी खरा शत्रू पंखा नव्हे, हवेची घाई आहे. नळाच्या तोंडाशी हवेचा वेग दुप्पट केला, की तिच्या सळसळीची शक्ती तीसपटीहूनही वाढते. म्हणून चांगल्या ध्वनिगृहातले हवेचे नळ पाहणाऱ्याला उगीच अवाढव्य वाटतात. हवा भरपूर हवी, पण ती पावलांचा आवाज न करता यावी, तर तिला वाट रुंदच द्यावी लागते. खर्च वाचवायला इंजिनिअरने नळ बारीक केला, तर तो वाचलेला पैसा पुढे प्रत्येक ध्वनिमुद्रणात सूं सूं करीत राहतो. आपले साधे बोलणे हातभरावर सुमारे 60 डेसिबल भरते. ध्वनिगृहातली शांतता 20-25 डेसिबलच्या आत ठेवावी लागते.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? ध्वनिमुद्रणापुरते गवयाने सोसावे थोडे! पण एक माणूस नुसता बसला तरी सुमारे 100 वॅट उष्णता टाकतो. तीस वादक म्हणजे तीन विजेच्या शेगड्याच. आणि घामापेक्षा मोठा प्रश्न सुरांचा आहे. हवा तापली, की तिच्यातून आवाज वेगाने धावतो आणि बासरीचा सूर चढतो. 25 अंशांवरून हवा 35 अंशांवर गेली, तर हा चढ अर्ध्या सुराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत जाऊ शकतो. वादकाच्या श्वासाची ऊब नळीत असतेच, म्हणून प्रत्यक्षात तो काहीसा कमी भरतो. पण जाणत्या कानाला तेवढाही पुरे. उलट तंबोऱ्याची तार तापली की ढिली पडते, उतरते. म्हणजे एकाच खोलीत एक वाद्य वर चालले आहे, दुसरे खाली! 1950 च्या सुमारास चित्रपटाच्या गाण्यात गायक आणि सारा वाद्यवृंद एकदमच वाजवीत. एकाचा सूर हलला, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

हे सारे आपल्या बोरी अरबला कशाला हवे? आता खिशातल्या मोबाइलवरही ध्वनिमुद्रण होते. घरोघरी जात्यावरच्या ओव्या ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या आहेत, आणि त्यांचा आवाज टिपून ठेवायचा तर दिवाळीपर्यंत थांबा असे त्यांच्या वयाला सांगता येत नाही. पण ऐंशीच्या आजीला बंद खोलीत घामाघूम करून ओव्या कशा म्हणायला लावणार? त्यापेक्षा पहाटे, गाव जागे होण्यापूर्वी बसा. ओवीची वेळही तीच आहे. दुपारीच जमणार असेल, तर जाड मातीच्या भिंतींची आतली खोली निवडा. वाळ्याचा कूलर त्या खोलीत न ठेवता बाहेरच्या सोप्यात ठेवा आणि मधल्या अर्धवट उघड्या दारावर, फटीपासून हातभर अलीकडे, गोधडी टांगा. हवा कडेकडेने आत येईल, घरघर बरीचशी गोधडीत जिरेल. हवा बाहेर जायला मागची झडप उघडी ठेवायला विसरू नका, नाहीतर खोली नुसतीच दमट होईल. आणि साथीला तबला असेल, तर तो वेळेवरच आत आणून मिळवा: कूलरच्या ओल्या हवेने पुडी सैल पडते आणि तबला उतरतो.