दोन बोटांवरचा रबर: युक्ती जमते, पण जादू का होत नाही?

या भागातलं बोलणं नेहमीप्रमाणे थोडं झाडूनपुसून लिहून देतोय. वाचायच्या आधी घरातला एक साधा रबर शोधा. रव्याच्या पुडीला लावलेला असेल, नोटांच्या गड्डीचा असेल, कुठलाही चालेल.

मी केडगावचा, दौंड तालुक्यातला. काम सॉफ्टवेअरचं, पुण्यात, आणि जाणं-येणं डेमूनं. त्यामुळे माझं स्टेज म्हणजे रेल्वेचा डबा. पुणे जिल्ह्यात जादू म्हटलं की रघुवीर आठवतात. चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुनाथ भोपळे, म्हणजेच जादूगार रघुवीर. त्यांच्यानंतर विजय रघुवीर आणि आता जितेंद्र रघुवीर, अशा तीन पिढ्या झाल्या. पण ती रंगमंचाची जादू. तिथे पडदा असतो, दिवे असतात, प्रेक्षक लांब बसतो. आपल्या जादूत प्रेक्षक हातभर अंतरावर असतो, आणि आपल्याकडे असतो फक्त एक रबर.

आधी युक्ती सांगतो. शाळेतल्या पोरांनाही ती माहीत असते, म्हणून गुपित फोडल्याचं पाप लागणार नाही. रबर अंगठ्याशेजारच्या आणि मधल्या बोटात, अगदी मुळाशी घालायचा. हाताची पाठ प्रेक्षकाकडे. तळव्याच्या बाजूनं दुसऱ्या हातानं रबर आपल्याकडे ओढायचा आणि मूठ मिटताना चारही बोटांची टोकं त्या फाकलेल्या रबरात घालायची. बाहेरून रबर दोनच बोटांवर दिसतो, आत मात्र चारही बोटांना अडकलेला असतो. मूठ उघडली की रबर टुणकन उडून अनामिका आणि करंगळीवर जातो.

दोन मिनिटांत जमतं. आणि तरी दहातले आठ लोक "हां, भारी" म्हणतात आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतात. का? माझं म्हणणं एवढंच आहे: रबर आधी कुठे होता हे प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं बसलेलंच नसतं. आमच्या कामात कोड बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर काय दिसत होतं, दोन्हीची नोंद ठेवतात. आधीची नोंदच नसेल तर फरक कशाशी ताडून बघणार? जादूचंही तेच. "आधी" पक्कं नसेल तर "नंतर"ला काही अर्थ उरत नाही.

म्हणून पहिली सुधारणा: प्रेक्षकाच्या तोंडून वदवून घ्या. "काका, रबर कुठल्या बोटांत आहे?" काकांनी "ह्या दोन" म्हटलं की ती त्यांची साक्ष झाली. आता खरी गंमत बघा. हा प्रश्न मूठ मिटल्यावर विचारायचा. म्हणजे काका साक्ष देतात तेव्हा आपलं काम आधीच उरकलेलं असतं. त्यांना वाटतं खेळ आता सुरू होतोय.

दुसरी सुधारणा: चोरी आणि चमत्कार यांच्यात अंतर ठेवा. बहुतेक जण मूठ मिटतात आणि लगेच उघडतात. मग प्रेक्षक म्हणतो, "मिटताना काहीतरी केलं." बरोबरच आहे त्याचं. त्याऐवजी रबर दोनदा ओढा. पहिल्यांदा सरळ ओढून सोडा, चट्ट आवाज येऊ दे. दुसऱ्यांदा तसाच ओढा आणि बोटं आत घ्या. तीच हालचाल पुन्हा झाली की तिच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. मग थांबा. प्रश्न विचारा, उत्तर घ्या, एक श्वास घ्या. मग मूठ उघडा. उघडल्यावर हात लगेच हलवू नका. डोळ्यांना नवं चित्र वाचायला वेळ लागतो.

तिसरी सुधारणा: स्वतःचे डोळे सांभाळा. गुस्ताव कुन आणि मायकेल लँड या दोघांनी २००६ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर फेकतो, तिसऱ्या वेळी नुसता फेकल्याचा आव आणतो. चेंडू हातातच असतो. जादूगारानं नजर वर नेली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांना चेंडू वर जाताना "दिसला". तो हाताकडेच बघत राहिला तेव्हा हे प्रमाण जवळपास एक तृतीयांशावर आलं. नजरेचा एवढा फरक! रबर आत घेताना तुम्ही मुठीकडे बघितलंत तर समोरचाही तिकडेच बघणार. त्या क्षणी काकांच्या डोळ्यांत बघा. मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढा, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून. काही जण नेमके चोरीच्या क्षणी डोळे मिटतात, आणि हे व्हिडिओशिवाय कळत नाही.

चौथी गोष्ट कोनांची. आरशासमोर सराव केला की एकच प्रेक्षक असतो, समोरचा. डब्यात समोर तिघं, शेजारी दोघं, आणि डोक्यावर उभी असलेली गर्दी वेगळीच. खिडकीकडची कोपऱ्यातली जागा सगळ्यात चांगली. मूठ छातीजवळ, बोटांची टोकं तळव्यात पूर्ण दाबलेली, म्हणजे वरून बघणाऱ्यालाही आतला रबर दिसत नाही. कोणी खांद्यामागून वाकून बघत असेल तर हा खेळ करूच नका. पत्त्यांचा, नाण्याचा, दुसरा कुठला तरी करा.

पाचवी गोष्ट म्हणजे खुद्द रबर. घट्ट असेल तर बोटांवर वळ उठतात आणि मूठ मिटताना हात थरथरतो. सैल असेल तर उडी अर्धवट राहते. बोटांच्या मुळाशी अलगद टेकून राहील असा निवडा, आणि हाताच्या रंगावर उठून दिसणारा. ऊन, उष्णता आणि हवा लागून रबर खराब होतो. उन्हाळ्यात डब्यावरचा रबर चिकट होतो किंवा तडकतो, ते याचमुळे. चिमूटभर टाल्कम पावडर टाकून बंद डबीत, अंधारात ठेवा.

मग पुन्हा करून दाखवायचं का? "परत कर" म्हणतातच लोक. तसंच परत केलंत तर पकडले जाल. त्यांच्या डोक्यात एक अंदाज तयार झालेला असतो: "रबर टोकावरून सटकतो." तर मग टोकंच बांधून टाका. दुसरा रबर प्रत्येक बोटाला पीळ देत चारही बोटांच्या टोकांवर चढवा. आता वाट बंद. तरीही आतला रबर उडी मारतो, कारण तो टोकांवरून जातच नव्हता. प्रेक्षकाचा अंदाज त्याच्या डोळ्यांसमोर मोडतो. इथे थांबा. तिसऱ्यांदा नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: उडीच्या आधी तुम्ही काय बोलता? बरेच जण फुंकर मारायला लावतात, काहीतरी पुटपुटतात. शहरातल्या पार्टीत ते गमतीचं ठरेल. आपल्याकडे फुंकर आणि मंत्र यांना दुसराही अर्थ आहे. डब्यात किंवा जत्रेत कोणीतरी हमखास हळूच विचारतं, "घरी पोरगं आजारी आहे, काही उतारा जमतो का?" त्या क्षणी तुम्ही गोड हसून गप्प राहिलात तर ती नुसती हातचलाखी राहत नाही. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हेच दाखवत होते: बाबा करतो तो चमत्कार आधी करायचा, मग त्यामागचं कारण सांगायचं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं हा गुन्हा आहे.

म्हणून मी मंत्र काढून टाकला. मी म्हणतो, "काका, ही हातचलाखी आहे. तुम्हाला आधीच सांगितलंय, तरीही पकडून दाखवा." अहो, परिणाम कमी होत नाही, वाढतो! "शक्ती" म्हटलं की माणूस एकतर घाबरतो नाहीतर चिडतो. "हातचलाखी" म्हटलं की तो पुढे सरकून बसतो. आणि कोणी पोराच्या आजाराबद्दल विचारलंच, तर सरळ सांगायचं: "मावशी, मला फक्त रबर उडवता येतो. पोराला डॉक्टरकडे न्या."

या आठवड्याचा गृहपाठ: एकच रबर, एकच माणूस, एकदाच. तो "परत कर" म्हणाला तर टोकं बांधून करा. नाही म्हणाला, तर "रबर कुठे आहे?" हा प्रश्न तुम्ही नक्की केव्हा विचारलात, ते व्हिडिओत तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.