विम्याचा कागद उघडून पाहिला आहे का?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि असंख्य दुकानांतील माल जागच्या जागी भिजून गेला. अशा आपत्तीनंतर शाखेत येणाऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो, "साहेब, विमा तर बँकेनेच उतरवला होता ना?"

उतरवलेला असतो, हे खरे. परंतु पुष्कळदा तो कर्जाच्या तारणापुरताच असतो. आपले स्वतःचे भांडवल, फर्निचर, वजनकाटे, संगणक त्यात आले आहेत की नाहीत, हे पॉलिसी वाचल्याखेरीज कळत नाही. शिवाय तारण मालाच्या भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो.

समजा, एका कापडदुकानात २० लाख रुपयांचा माल आहे आणि विमा १२ लाखांचा. पुरात १० लाखांचा माल गेला. नुकसान विम्याच्या रकमेच्या आत आहे, तेव्हा १० लाख मिळतील, अशी मालकाची समजूत. प्रत्यक्षात विमा मालाच्या साठ टक्केच होता, म्हणून भरपाईही साठ टक्के, म्हणजे ६ लाख. त्यातूनही विमेदाराने सोसावयाची ठरावीक रक्कम वजा. हप्त्यात वाचवलेले चार पैसे असे फार महाग पडतात. म्हणून विम्याची रक्कम ठरवताना आजचा माल मोजू नये. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर दुकानात असतो, तो माल मोजावा. तोही खरेदीच्या भावाने, विक्रीच्या नव्हे.

एकाच ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल यांचा तीत समावेश आहे आणि विम्याची रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी भरली, तरी वरीलप्रमाणे कपात होत नाही. मात्र एरवीच्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी लागते. दुकान बंद राहिल्याने बुडालेला नफाही मूळ पॉलिसीत येत नाही.

पत्त्याकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. हंगामात भाड्याने घेतलेले गोदाम पॉलिसीत नोंदलेले नसेल, तर तेथील मालाला संरक्षण नाही. आमच्या सहकाऱ्यांनीही कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी स्टॉक स्टेटमेंटवरील पत्ते आणि पॉलिसीवरील पत्ते शेजारी ठेवून पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

पूर ओसरला, की चिखल काढण्याच्या घाईत भिजलेला माल रस्त्यावर फेकला जातो. तसे करू नये. आधी विमा कंपनीस आणि शाखेस कळवावे, छायाचित्रे घ्यावीत आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत माल राखावा. तो खरेदीची बिले आणि साठ्याची वही मागतो. ती वही दुकानातच असेल, तर मालाबरोबर तीही भिजलेली असते. तिची एक प्रत घरी ठेवावी.