पाच अक्षरांत मायना

'कृ. सा. न. वि. वि.' एवढी पाच अक्षरं लिहिली, की जुन्या मराठी पत्रात 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असा अख्खा मायना उभा राहायचा. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला मोडी कागद उलगडला, तर चांद्र तारखेआधी नुसता 'छ' दिसतो. तो 'चंद्र' या शब्दाचा संक्षेप.

रोज तेच लिहिणाऱ्या कारकुनांनी लावलेली ही शिस्त होती. कुणाला 'तीर्थरूप', कुणाला 'राजश्री', कुणाला 'चिरंजीव' हे ठरलेलं असे. पत्रलेखनाचे असे नियम सांगणारं 'मेस्तक' तर यादवांच्या काळातल्या हेमाडपंतांच्या नावावर सांगितलं जातं.

हिंजवडीतल्या इंजिनिअरची गरज फार वेगळी नाही. ग्राहकाला द्यायचं तेच उत्तर, सर्व्हरवर द्यायची तीच लांबलचक आज्ञा. लांब आज्ञेला टर्मिनलच्या बॅश शेलमध्ये 'एलियस' देऊन छोटं नाव ठेवता येतं. मजकुरासाठी 'एस्पॅन्सो' हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकीकडे खूण, दुसरीकडे पूर्ण मजकूर लिहायचा. मग कुठेही ती खूण टाइप केली, की तिच्या जागी मजकूर उमटतो. आजची तारीखही ते आपोआप भरतं.

त्याहून साधा मार्ग म्हणजे एक फोल्डर आणि प्रत्येक मजकुराची वेगळी फाइल. 'एफझेडएफ' या शोधसाधनात नावातली दोन-चार अक्षरं टाइप केली, की जुळणाऱ्या फायली समोर येतात. नाव विसरलं, तर 'ग्रेप' ही आज्ञा फायलींच्या आतला शब्द शोधून देते. पेशवे दफ्तरातले कागद मात्र रुमालांत बांधलेले. गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली त्यांतून ४५ खंड निघाले, ते एकेक कागद डोळ्यांखालून घालून. आपल्या फायली शोधता येतात, हे केवढं मोठं सुख आहे! फोल्डर बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट'मध्ये ठेवला, तर कोणता शब्द कधी बदलला तेही कळतं. पासवर्ड मात्र त्यात कधीच ठेवू नये.

खरी काळजी घ्यायची ती साच्यात नावासाठी सोडलेल्या रिकाम्या जागांची. जुनं पत्र उचलून नवं केलं, की आधीच्या माणसाचं नाव आत राहून जातं आणि वाचणारा दुखावतो. म्हणून साच्यात खरं नाव ठेवूच नये. तिथे '@@नाव@@' अशी ठसठशीत खूण करावी. पेशवाईत मजकूर संपला, की 'लेखनसीमा' असा शिक्का उमटे, म्हणजे खाली कुणी ओळ घुसवू नये. तशीच शेवटची खातरजमा म्हणून पत्र पाठवण्याआधी टर्मिनलवर ग्रेपला '@@' शोधायला सांगावं. एक जरी ओळ दिसली, तर पत्र अजून अपुरं आहे.