विमानांतील शेजारी

परदेशीं असलेल्या मुलानातवंडांस भेटावयास जाणें ही आतां केवळ पुण्यामुंबईच्या कुटुंबांची मिरास राहिलेली नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील बपेऱ्यासारख्या गांवांतूनही वडील मंडळी तुमसर रोड स्टेशनावर गाडी धरतात, मुंबईस उतरतात आणि तेथून अमेरिकेच्या विमानांत पाऊल ठेवतात. मुंबई ते न्यूयॉर्क हा सलग प्रवास सुमारें १६ तासांचा. तिकीट, व्हिसा, लोणच्याच्या बरण्या यांची काळजी सारें घर वाहतें. पण इतका वेळ शेजारीं कोण बसेल व त्याच्याशीं कसें वागावें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आम्हींही केला नव्हता.

आमच्या सत्तरी ओलांडलेल्या काकूंना घेऊन आम्ही बपेऱ्याहून निघालों. त्यांचे गुडघे दुखरे, म्हणून वाटेच्या कडेची जागा जास्त पैसे भरून राखून ठेविली होती. आमची जागा बऱ्याच रांगा मागें होती. विमान हलण्यापूर्वीं एक तरुण आला व मित्राशेजारीं बसावयाचें आहे, तेव्हां आजींनीं आपल्या मधल्या जागेवर जावें, असें म्हणाला. आयुष्यभर बारापंधरा माणसांच्या घरांत "जरा सरकून घ्या" ऐकत आलेल्या काकू लागलीच उठल्या. नव्या जागीं दोहों बाजूंस अनोळखी पुरुष. त्यांना उठवावें लागूं नये म्हणून काकूंनीं पाणी पिणेंच सोडलें. पुढच्या गृहस्थानें खुर्चीची पाठ मागें टाकली ती जेवणाच्या वेळींही उचलली नाहीं. आम्ही मात्र मागें खुशाल सिनेमा पाहत होतों! सहा तासांनीं जाऊन पाहतों तों काकूंचे पाय चपलांत मावेनात.

ही गोष्ट हंसण्यावारीं नेण्यासारखी नव्हे. फार वेळ न हलतां बसल्यास पोटरींत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, वयस्कांना विशेष. ती फुप्फुसांत गेली तर जिवावर बेततें. म्हणूनच दर तासा-दोन तासांनीं उठून चार पावलें चालावें, पाणी प्यावें, असें डॉक्टर सांगतात. म्हणजे कडेची जागा ही काकूंची चैन नव्हती, औषध होतें. आणि तें आम्हीं आधीं तोंड उघडून सांगावयास हवें होतें.

आम्ही त्या तरुणावर तावातावानें धांवलों, पण काकूंनींच हात धरला. "बाळ, माझे पाय बघ रे," एवढेंच त्या म्हणाल्या. तो ओशाळला व उठला. पुढच्या गृहस्थाशीं मात्र गोडीनें भागलें नाहीं. तेव्हां डोक्यावरील घंटेचें बटण दाबून परिचारिकेस बोलाविलें. जेवणाच्या वेळीं पाठ सरळ ठेवावी अशी विनंती तिनें करतांच त्यांनीं ती निमूटपणें मानली. प्रवासी प्रवाशाचें ऐकत नाहीं, पण गणवेषाचें ऐकतो. रडणाऱ्या तान्ह्यांबद्दल मात्र तक्रार करूं नये. विमान उतरूं लागलें कीं हवेचा दाब बदलून त्यांचे कान दुखतात. त्या वेळीं आईनें अंगावर घेतलें तर गिळण्यानें कान मोकळे होतात.

दांडगाई सोसण्याचें मात्र कारण नाहीं. मार्च २०१७ मध्यें उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड यांनीं पुण्याहून दिल्लीस पोंचल्यावर एअर इंडियाच्या अधिकाऱ्यास चपलेनें मारलें व तसें उघड सांगितलेंही. त्याच वर्षीं सप्टेंबरांत प्रवासबंदीचे नियम निघाले: शिवीगाळीस तीन महिन्यांपर्यंत, धक्काबुक्कीस सहा महिन्यांपर्यंत आणि जिवास धोका केल्यास दोन वर्षें वा अधिक. नोव्हेंबर २०२२ मध्यें न्यूयॉर्क-दिल्ली विमानांत मद्यधुंद प्रवाशानें एका वृद्धेच्या अंगावर लघवी केली. तें प्रकरण नीट न हाताळल्याबद्दल एअर इंडियास ३० लाख रुपये दंड झाला. तेव्हां असा प्रसंग आल्यास तोंडी समजुतीवर न भागवितां लेखी तक्रार द्यावी.

परतीच्या वेळीं पुन्हां एका बाईंनीं काकूंची जागा मागितली. काकूंनीं गुडघ्यावर हात ठेवून "ह्या खेपेस नाहीं हो जमायचें," म्हणून सांगितलें. बाई जराशा रुसल्याच. काकूंनीं तास-दीड तासानें पिशवींतला लाडू त्यांच्यापुढें धरला. तो त्यांनीं घेतला, पण बोलल्या नाहींत.