युद्धनौकेची शेवटची ढाल : तोफ कीं क्षेपणास्त्र ?

सेनापति धनाजी जाधवांची समाधि ज्या गांवीं आहे, तें पेठ वडगांव कोल्हापुरापासून पंधरा-वीस किलोमीटरांवर आहे. पायीं जाणारास ही चार-पांच तासांची चाल. समुद्राच्या लाटांवरून अवघ्या कांहीं मीटर उंचीनें येणारें नौकाविरोधी क्षेपणास्त्र मात्र तेवढेंच अंतर सुमारें एका मिनिटांत तोडतें. युद्धनौकेच्या संरक्षणाचा सारा प्रश्न या एका मिनिटाभोंवतीं फिरतो. कारण त्या नौकेवर शेंकडों माणसें असतात.

पृथ्वी गोल असल्यामुळें इतक्या खालून येणारें अस्त्र क्षितिजाआड लपलेलें असतें. नौकेचें रडार वीस मीटर उंचीवर असलें, तरी तें अस्त्र दिसूं लागतें तें सुमारें पंचवीस किलोमीटरांवर. त्याचा वेग सेकंदास ३०० मीटर धरला, तर नौकेच्या हातीं दीड मिनिटहि उरत नाहीं. अस्त्र ध्वनीहून वेगवान असेल, तर हा अवधि आणखी निम्म्यावर येतो.

१९७१ च्या डिसेंबरांत, ४ तारखेच्या रात्रीं, भारतीय आरमाराच्या 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या लहान क्षेपणास्त्र-नौका कराचीवर चालून गेल्या. 'निर्घात'चें पहिलें अस्त्र पाकिस्तानच्या 'खैबर' या विनाशिकेकडे झेपावलें, तेव्हां तिच्यावरील लोकांस तें विमान वाटलें. त्यांनीं विमानविरोधी तोफा चालविल्या. उपयोग झाला नाहीं. दुसऱ्या अस्त्रानंतर 'खैबर' बुडाली. माणसाच्या नजरेनें रोखलेली जुनी तोफ या नव्या शत्रूस पुरी पडत नाहीं, हें त्या रात्रीं दिसून आलें.

त्यावर दोन उपाय निघाले. पहिला, रडारनें आपोआप रोखली जाणारी शीघ्र तोफ. भारतीय नौकांवरील 'ए. के. ६३०' ही रशियन तोफ याच जातीची. तिला ३० मिलिमीटर व्यासाच्या सहा नळ्या असून ती मिनिटास सुमारें ५००० गोळे फेंकते. दुसरा उपाय म्हणजे क्षेपणास्त्रावर क्षेपणास्त्र सोडणें. इस्रायलचें 'बराक-१' हें या प्रकारचें. सुमारें ९८ किलोग्रॅम वजनाचें हें अस्त्र नौकेवरून सरळ वर उडतें, लक्ष्याकडे वळतें आणि नौकेवरील रडारच्या आज्ञेनें दहा किलोमीटरांपर्यंत मारा करतें.

तोफेचे गुण उघड आहेत. तिचे गोळे स्वस्त, आणि लहान होड्यांवरहि ती चालते. परंतु गोळा एकदां नळींतून सुटला, कीं त्याची दिशा बदलत नाहीं. दोन किलोमीटरांवर पोहोंचण्यास त्यास दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यांत शत्रूचें अस्त्र अर्ध्या किलोमीटराहून अधिक पुढें सरकतें, वांकडें वळलें तर नेम चुकतो. म्हणून तोफेचा खरा मारा शेवटच्या एक-दोन किलोमीटरांतच, म्हणजे शेवटच्या पांच-सात सेकंदांतच परिणामकारक होतो. शिवाय इतक्या जवळ फुटलेल्या अस्त्राचे तुकडे त्याच वेगानें पुढें येतात. १९८३ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या 'अँट्रिम' या नौकेच्या तोफेनें सरावासाठीं सोडलेलें निर्मनुष्य विमान अचूक पाडलें. परंतु त्याचे तुकडे पाण्यावरून उसळून नौकेवर आदळले, आग लागली, आणि एक मुलकी शिक्षक मृत्यु पावला. नेम लागला, तरी माणूस गेला.

क्षेपणास्त्र हें संकट दूरवरच गांठतें. पहिलें चुकलें, तर दुसरें सोडण्यास कांहीं सेकंद शिल्लक राहतात, आणि तें वाटेंत वळूं शकतें. पण तें महाग, संख्येनें मोजकें, आणि अगदीं जवळच्या लक्ष्यावर निरुपयोगी. कारण वर उडून वळण्यास त्यास निदान अर्धा किलोमीटर तरी लागतो. 'बराक-१' सारख्या अस्त्रास नौकेवरील रडारनें शेवटपर्यंत वाट दाखवावी लागते, म्हणून एका वेळीं थोड्याच लक्ष्यांचा समाचार घेतां येतो. पुढील 'बराक-८' नें ही अडचण कमी केली. त्याच्या अग्रभागींच लक्ष्य शोधणारें रडार आहे.

दोन्ही साधनांची तुलना १९९१ च्या २५ फेब्रुवारीस इराणच्या आखातांत प्रत्यक्ष घडली. इराकी क्षेपणास्त्र 'मिसूरी' या युद्धनौकेकडे येत असतां ब्रिटिश 'ग्लॉस्टर'नें तें क्षेपणास्त्रानेंच पाडलें. त्याच गोंधळांत 'जॅरेट' नौकेच्या स्वयंचलित तोफेनें भुलवणीसाठीं उडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर मारा केला, आणि कांहीं गोळे 'मिसूरी'वरच लागले. उलट २०२४ च्या जानेवारीच्या अखेरीस तांबड्या समुद्रांत 'ग्रेव्हली' या विनाशिकेच्या सुमारें एका मैलावर आलेलें अस्त्र तोफेनेंच पाडलें.

म्हणून शहाणें आरमार दोहोंतून एकाची निवड करीत नाहीं. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली, २०१४ च्या ऑगस्टांत आरमारांत दाखल झालेली 'कोलकाता' ही विनाशिका याचें उदाहरण आहे. तिच्यावर ३२ 'बराक-८' अस्त्रें आणि चार 'ए. के. ६३०' तोफा बसविण्यांत आल्या. अस्त्रांनीं दूरची वेस राखावी, आणि त्यांतून निसटलेलें तोफेनें उंबरठ्यावर अडवावें, अशी ही वांटणी आहे.

मात्र दोन्ही ढाली जागृत असतील तरच त्यांचा उपयोग. २००६ च्या जुलैंत लेबनॉनच्या किनाऱ्यावर इस्रायलच्या 'हानित' नौकेवर क्षेपणास्त्र आदळलें व चार खलाशी ठार झाले. तिच्यावर 'बराक' होतें. पण संरक्षणयंत्रणा त्या वेळीं चालू नव्हती. शेवटच्या मिनिटाची तयारी त्या मिनिटाच्या फार आधीं करावी लागते.