पाय आपला, नंबर परका

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण काटकसरीच्या संदर्भात नेहमीच ऐकावयास मिळते. पादत्राणांच्या खरेदीत मात्र आधी पाय पाहावा आणि मग बूट निवडावा, हाच योग्य क्रम होय. प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. ‘माझा नंबर आठ’ असे सांगून ग्राहक निर्धास्त होतो. एका कंपनीचा आठ नंबर त्याच्या करंगळीला चावतो, तर दुसऱ्या कंपनीचा आठ नंबर टाचेतून निसटतो.

याचे मूळ त्या आकड्यातच आहे. भारतात प्रचलित असलेली ब्रिटिश पद्धती स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालत आलेली आहे. तीत एका नंबरापासून पुढचा पूर्ण नंबर एक तृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटरने वाढतो. युरोपीय पद्धतीत हीच वाढ सुमारे ६.७ मिलिमीटर असते. साहजिकच दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हे आकडे मुळात पायाचे माप नसून, ज्या साच्यावर बूट बेतला जातो त्या साच्याचे माप होय. ब्रिटिश आठ नंबराचा साचा हिशेबाने ११ इंच, म्हणजे जवळपास २८ सेंटिमीटर भरतो. त्यात पायासाठी किती मोकळीक ठेवावयाची, हे प्रत्येक उत्पादक आपल्या परीने ठरवितो. म्हणूनच पुरुषांच्या ब्रिटिश आठ नंबरासमोर आदिदासच्या तक्त्यात २६.५ सेंटिमीटर व युरोपीय ४२, प्यूमाच्या तक्त्यात २७ सेंटिमीटर व ४२, तर नायकीच्या तक्त्यात २७ सेंटिमीटर व ४२.५ असे आकडे आढळतात. नंबर एक, अर्थ तीन!

लांबी जुळली तरी रुंदीचा प्रश्न उरतोच. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ जिल्ह्यांतील १,०१,८८० व्यक्तींच्या पायांची त्रिमितीय यंत्रांच्या साहाय्याने मापे घेतली. भारतीयांचे पाय युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे त्यातून दिसून आले. या सर्वेक्षणाच्या आधारे ‘भा’ या नावाने स्वतंत्र भारतीय मापप्रणालीही प्रस्तावित करण्यात आली. बूट चवड्याशी आवळतो म्हणून अनेकजण एक नंबर मोठा घेतात. परिणामी रुंदी थोडीफार साधते, पण लांबी वाढते आणि टाच सरकू लागते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेक व्यक्तींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. बूट चावत असल्याचे त्यांना जाणवतच नाही. उलट घट्ट बूटच त्यांना नीट बसल्यासारखा वाटतो. अशा वेळी एखादा साधा फोडही चिघळून गंभीर रूप धारण करू शकतो. घरातील ज्येष्ठांसाठी केवळ जुन्या नंबरावर विसंबून भेट म्हणून बूट आणणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

योग्य माप घेणे कठीण नाही. सायंकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे. सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे. हे बोट अंगठाच असेल असे नाही. चवड्याची रुंदीही मोजावी. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, म्हणून मोठ्या पायाचे माप प्रमाण मानावे. बूट नेहमीच्या मोज्यांसह उभे राहून घालून पाहावा. बोटांपुढे साधारण एक ते दीड सेंटिमीटर जागा असावी आणि चालताना टाच निसटू नये. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर खरेदी करू नये. घरपोच मागविलेले बूट प्रथम घरातील स्वच्छ फरशीवर चालून पाहावेत, म्हणजे ते परत करावयाचे झाल्यास अडचण येत नाही.

एकदा घेतलेले माप जन्मभर पुरत नाही. वयानुसार पायाचे स्नायुबंध सैलावतात, तळव्याची कमान खाली येते आणि पाय लांब-रुंद होतो. गरोदरपणानंतरही असा बदल संभवतो. बँकेत ज्याप्रमाणे केवायसीची माहिती ठरावीक काळाने अद्ययावत करावी लागते, त्याचप्रमाणे पायाच्या मापाचीही फेरतपासणी व्हावी. कुटुंबातील प्रत्येकाच्या पायाची लांबी व रुंदी मिलिमीटरमध्ये, तारखेसह टिपून ठेवावी. दुकानदाराने ‘कितवा नंबर?’ असे विचारताच ते टिपण त्याच्यापुढे ठेवावे.