हजार पिनांचं गणित

अंधेरीत १९७३ साली सीप्झ उभं राहिलं ते खास इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. हिरे-दागिने तिथे मागाहून आले. सीप्झमध्ये काय किंवा शेजारच्या मरोळ एमआयडीसीत काय, सर्किट बोर्डाच्या लाइनवर शेवटी शेवटी एक टेबल लागतं आणि त्यावर टेस्ट फिक्सचर असतं. एका पाटावर हजारभर पिना उभ्या, प्रत्येकीच्या पोटात स्प्रिंग. बोर्ड खाली दाबला की प्रत्येक पिन बोर्डावरच्या आपापल्या पॅडला, म्हणजे धातूच्या ठिपक्याला टेकते आणि यंत्र सगळी जोडणी एका दमात तपासतं.

आता आकडे पाहा. नेहमीच्या पिनेची स्प्रिंग दाबायला साधारण २०० ग्रॅम जोर लागतो. हजार पिनांचे झाले २०० किलो, म्हणजे तांदळाची पन्नास किलोची चार पोती एका बोर्डावर. मिनिटाला एक बोर्ड धरला तर दोन पाळ्यांत ९६० बोर्ड होतात आणि पिना दिवसाला ९ लाख ६० हजार वेळा टेकतात. सव्वीस दिवसांच्या महिन्यात हा हिशेब जवळजवळ अडीच कोटींपर्यंत जातो.

खरी झोप उडवतो तो पुढचा आकडा. हजारात एकदाच चुकणारी पिन कुणालाही चांगलीच वाटेल. पण अशा हजार पिना एकाच वेळी बरोबर टेकण्याची शक्यता ३७ टक्केसुद्धा भरत नाही. म्हणजे तीन चांगल्या बोर्डांतले जवळजवळ दोन 'फेल' म्हणून बाजूला पडणार! पिन दहा हजारात एकदा चुकली तरी दहातला एक चांगला बोर्ड जातो. लाखात एकदा चुकली, तेव्हा कुठे खोटे फेल शंभरात एकावर येतात.

आणि हे सगळं साधायचं किती जागेत? टेस्ट पॅड असतो जेमतेम ०.८ मिलिमीटरचा. मध्यापासून कडेपर्यंत ०.४. पाटाच्या वर १० मिलिमीटर निघालेली पिन एक अंशाने कलली, तर टोक ०.१७ सरकतं. पाट ॲक्रिलिकचा असेल तर तो उष्णतेने बोर्डाच्या चार-पाच पट फुगतो. एसीत जुळवलेलं फिक्सचर दहा अंश जास्त गरम शेडमध्ये नेलं, तर ३०० मिलिमीटर लांबीवर बोर्ड आणि पाट यांच्यात आणखी ०.१७ चा फरक पडतो. दोन्ही चुका एकाच दिशेला आल्या की ०.३४ तिथेच संपले. म्हणून पाट बोर्डाच्याच जातीच्या फायबरग्लासचा घेतात, आणि त्यात काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बोर्ड जागेवर धरणाऱ्या गाइड पिनांचंही तसंच. दोन गाइड पिना ५० मिलिमीटरवर ठोकल्या आणि त्यांतली एक ०.१ ने हलली, तर ३०० मिलिमीटर दूरच्या टोकाला चूक ०.६ होते. तिथली पिन पॅड सोडून बाहेरच पडते. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, जितक्या लांब बसतील तितक्या बसवाव्यात.

दोष शोधायला मात्र महागडं काही लागत नाही. पिनेचं टोक पॅडच्या कथिलावर बारीक टोचा सोडतं. दहापट भिंगाखाली तो स्वच्छ दिसतो. चारही कोपऱ्यांतले आणि मधले पॅड तपासा. सगळे टोचे एकाच बाजूला सरकलेत? गाइड पिना झिजल्या किंवा सैल झाल्या. एका कोपऱ्यात बरोबर आणि लांब जावं तसे वळत गेलेत? मग एकच गाइड पिन हललीय. एका टोकाकडून दुसरीकडे फरक सारखा वाढत गेला तर पाट फुगलाय. एकच टोचा चुकला असेल तर ती पिन तरी वाकलीय किंवा तिची नळी तिरकी बसलीय. टोचा अगदी मधोमध असून बोर्ड फेल होत असेल, तर अलाइनमेंटला हात लावू नका. टोकावर सोल्डरिंगचा फ्लक्स चिकटलाय, ब्रश फिरवा.

लाइनवर बसणाऱ्या मुलामुलींना कळकळीची विनंती. बोर्ड फेल दाखवला की लगेच रीटेस्टचं बटण दाबू नका. दुसऱ्या दाबाचा टोचा पहिल्यात मिसळतो आणि पुरावा जातो. आधी भिंग घ्या, टोचा पाहा, कुठल्या नंबरची पिन कुठे सरकलीय ते वहीत लिहा, मग दाबा.